मोबाईलमधलं शिखर अन् आज्याच्या नावाचा नमुना 8

वैनगंगाकाठ: काल 'ठेचाभाकर' यांनी लिहिलं की गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याच्या देवळासमोर मोबाईल धरला की पडलेलं शिखर जागेवर उभं दिसेल असं ॲप करा, पर्यटक येतील. रात्रभर डोक्यात तेच. अहो, वीज पडून ते शिखर मंडपावर कोसळलं. पुरातत्त्व खात्याचा कनिंगहॅम 1870 च्या दशकात पाहणीला आला, तेव्हाही ते पडलेलंच होतं. उभ्या शिखराचा फोटो कोणाजवळ आहे? कॅमेऱ्यात उभं राहील ते ॲपवाल्याच्या मनातलं शिखर. पोरं तेच खरं धरतील. आधी खरं देऊळ सावरा.

ठेचाभाकर: आवारातली बाकीची देवळं उभी आहेत ना? त्यांच्यावरून अंदाज बांधता येतो. पुसट रेघांत दाखवा, खाली 'अंदाजे' लिहा. दगड सावरेपर्यंत गावानं हातावर हात ठेवून बसायचं का?

जोडाक्षर: अंदाज सोडा, जागा तरी जुळेल का? मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं. शिखर नदीकडं सरकलेलं दिसेल. कॅमेऱ्यावरून जागा ओळखणारं गुगलचं तंत्र स्ट्रीट व्ह्यूच्या, म्हणजे रस्त्यारस्त्यांवरून काढलेल्या फोटोंवर चालतं, अन् 2022 मध्ये स्ट्रीट व्ह्यू आपल्याकडं सुरू झालं दहा शहरांपासून. त्यापेक्षा देवळाबाहेर क्यूआरची पाटी लावा, माहिती आधीच उतरवून घ्या.

पऱ्हाटीवाला: देवळाचं राहू द्या राजेहो. मोबाईल घरावर धरला का नमुना 8 दिसला पायजे. आमचं घर अजून आज्याच्या नावानं हाये. आजा जाऊन 22 वर्सं झाली. मी अर्ज देऊन देऊन थकलो, एक डाव तं फाईलच सापडली नाई.

जोडाक्षर: नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे!

पऱ्हाटीवाला: मले कायदा शिकवू नका. कर मीच भरतो ना!

माळवद: अन् गावातल्या घरांच्या हद्दी मोजणाऱ्या स्वामित्व योजनेच्या ड्रोननं आमच्या गावठाणात चुलतभावाची पडवी आमच्या हद्दीत दाखवली. त्या पडवीपायी आमचं दिवाळीचं येणंजाणं बंद आहे. हे आता रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही मोबाईलवर दिसणार? छान!

पऱ्हाटीवाला: पडवी कोनाची हाये ते सांगा पहिले.

माळवद: तुम्ही कोण विचारणारे?

ठेचाभाकर: बाप्पा, मी शिखराबद्दल बोलत होतो!

वैनगंगाकाठ: बोला की. 'अंदाजे' लिहिणार असाल तर माझी हरकत नाही, फक्त शिखराइतक्या मोठ्या अक्षरांत लिहा. क्यूआरच्या पाटीचंही पटलं. पण ती देवळाच्या दगडाला खिळा ठोकून लावली, तर मीच उपटून नदीत टाकीन.

माळवद: पडवी आमचीच आहे.