मुक्त व्यापाराचे इटालियन पुरस्कर्ते आणि मुसोलिनी : हे जुळले कसे?

जिज्ञासू
इटलीतील अर्थविचाराचा इतिहास वाचताना मी एका ठिकाणी अडलो आहे. मुक्त व्यापार आणि मर्यादित सरकार यांचा हिरिरीने पुरस्कार करणारे माफेओ पांतालेओनी १९२२ मध्ये मुसोलिनीच्या बाजूने उभे राहिले आणि अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांनीही त्याच्या सत्तारोहणाचे स्वागत केले. ज्यांना बाजारात सरकारचा हात नको होता, त्यांना हुकूमशाही कशी चालली? तिथले अर्थशास्त्र पहिल्यापासून सत्तेच्या सावलीत वाढले, त्याचा हा परिणाम म्हणावा काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खतावणी
सत्तेशी जवळीक जुनी आहे, पण तिचा उगम हुकूमशाहीच्या ओढीत नाही. अठराव्या शतकात इटली हे एक राज्य नव्हतेच. नेपल्स, मिलान आणि तस्कनी यांचे कारभार निरनिराळे होते, त्यामुळे लिहिणाऱ्यासमोर एखाद्या विशिष्ट राज्याचा खजिना आणि तिथला धान्यबाजार असे. नेपल्सच्या विद्यापीठात १७५४ मध्ये बार्तोलोमेओ इंतिएरी यांच्या देणगीतून अंतोनियो जेनोवेसी यांच्यासाठी अर्थशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले, तेव्हा दात्याने घातलेल्या अटी बोलक्या आहेत : व्याख्याने लॅटिनऐवजी इटालियनमध्ये व्हावीत आणि जेनोवेसींच्या पश्चात ही जागा कोणत्याही मठवासी धर्मगुरूकडे जाऊ नये. मिलानमध्ये पिएत्रो वेर्री यांनी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या प्रशासनात राहूनच करवसुलीच्या इजाऱ्याविरुद्ध (म्हणजे खासगी ठेकेदारांना दिलेल्या वसुलीविरुद्ध) झुंज दिली आणि १७७० मध्ये तो इजारा रद्द झाला. या मंडळींना राजा हवा होता तो सरंजामदार, इजारदार आणि चर्च यांचे विशेषाधिकार मोडण्यासाठी.

रोजमेळ
वरील मांडणी मान्य आहे; तथापि १९२२ चे स्पष्टीकरण त्या काळातच शोधावे लागेल. महायुद्धानंतरची महागाई, अंदाजपत्रकातील तूट, १९२० मध्ये कामगारांनी घेतलेला कारखान्यांचा ताबा आणि १९२१ च्या अखेरीस बुडालेली ‘बांका इतालियाना दी स्कोंतो’ ही बँक यांमुळे संसदीय सरकारांवरचा विश्वास उडाला होता. मुसोलिनीचे पहिले अर्थमंत्री अल्बेर्तो दे स्तेफानी यांनी खर्चाला कात्री लावली आणि आयुर्विम्यावरील सरकारी मक्तेदारी उठवली. हा कार्यक्रम अर्थशास्त्रज्ञांना आपलाच वाटला. उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञ लुइजी एनाउदीही प्रारंभी अनुकूल लिहीत होते. कार्यक्रम आपला आहे, तर सत्ताही आपलीच राहील, हे या अर्थशास्त्रज्ञांचे गृहीतक मला अक्षम्य वाटते. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाल्यावर एनाउदी विरोधात गेले. १९२५ मध्ये दे स्तेफानी पायउतार झाले आणि पुढे मालक व कामगार यांच्या सरकारनियंत्रित उद्योगनिहाय मंडळांची (‘कॉर्पोरेशन’) व्यवस्था आली.

यातूनच तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे आणि एनाउदी यांच्यातील वाद उभा राहिला, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. क्रोचे यांच्या मते राजकीय स्वातंत्र्य हे नैतिक मूल्य असून ते कोणत्याही एका अर्थव्यवस्थेला बांधलेले नाही. एनाउदींचे उत्तर असे होते की, जिथे उपजीविकेची सारी साधने एकाच सत्तेच्या मुठीत जातात, तिथे माणसाला विरोध करण्यासाठी पाय रोवायला जागाच उरत नाही. मला एनाउदींचे म्हणणे पटते; मात्र १९२२ चा अनुभव पाहता बाजार खुला झाला म्हणून स्वातंत्र्य टिकतेच, असे त्यातून काढता येत नाही.

जिज्ञासू
आभारी आहे. मग १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी लागली, तेव्हा एनाउदींनी काय केले?

रोजमेळ
त्यांनी शपथ घेतली. बाराशेहून अधिक प्राध्यापकांपैकी उघड नकार देणारे जेमतेम डझनभर होते. सार्वजनिक वित्ताचे श्रेष्ठ अभ्यासक अंतोनियो दे विती दे मार्को यांनी मात्र शपथ टाळण्यासाठी अध्यापनच सोडले. एनाउदी पुढे १९४५ मध्ये बँक ऑफ इटलीचे गव्हर्नर झाले, १९४७ मध्ये पतपुरवठा आवळून त्यांनी महागाई रोखली आणि १९४८ ते १९५५ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते. या कामगिरीचे मोल मोठे आहे, पण दे विती दे मार्को यांचे नाव त्यामुळे मागे पडावे, याचे मला वाईट वाटते.

उंबरठा
या चर्चेत अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा यांचे नाव यायलाच हवे. इटलीतील बँकांच्या दुरवस्थेवर त्यांनी १९२२ मध्ये इंग्रजी नियतकालिकात लिहिले, तेव्हा संतापलेल्या मुसोलिनीने त्यांच्या वडिलांना तार करून खुलासा मागितला. लेख मागे घेतला गेला नाही. स्राफा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. मुसोलिनीच्या तुरुंगातील कम्युनिस्ट नेते अंतोनियो ग्राम्शींना हवी ती पुस्तके मिळावीत म्हणून त्यांनी मिलानच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे स्वतःच्या खर्चाने खाते उघडून दिले होते. ग्राम्शींनी १९३२ मध्ये मेहुणी तातियाना यांच्यामार्फत त्यांना विचारले होते की, ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोच्या पद्धतीचे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने काही महत्त्व आहे काय. तुरुंगाच्या भिंतीआडून विचारलेला हा प्रश्न शुद्ध सिद्धान्ताचा आहे. म्हणून ‘सत्तेची सावली’ एवढ्याने इटालियन परंपरेचे वर्णन पुरे होत नाही, असे मी म्हणेन. स्राफांचा ‘प्रॉडक्शन ऑफ कमॉडिटीज बाय मीन्स ऑफ कमॉडिटीज’ हा ग्रंथ १९६० मध्ये आला आणि त्यावरील एक अत्यंत मार्मिक परीक्षण १९६३ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त प्रसिद्ध झाले. ते लिहिणाऱ्या कृष्णा भारद्वाज मुंबईच्या रुईया महाविद्यालयात शिकलेल्या होत्या. आपण वाचन पुढे नेणार असाल, तर त्या परीक्षणापासून सुरुवात करावी.