बारा स्वादांचे चहा: घरी चव नीट कशी तपासावी?

रानजाई
मंडळी, आमच्या गटासाठी बारा स्वादांचे चहा चाखून प्रत्येकावर चार-चार ओळी लिहायच्या आहेत. प्रत्येकाचा नमुना 10 ग्रॅम आहे: अर्ल ग्रे, जस्मिन ग्रीन, धुरकट लॅपसांग सुशाँग, काश्मिरी कहवा, हिबिस्कस, पुदिना-ज्येष्ठमध, गवती चहा-आलं, व्हॅनिला, आंबा, गुलाब, दालचिनी-संत्रं आणि तयार मसाला चहा. पाणी किती घ्यायचं, किती वेळ मुरवायचं, क्रम काय ठेवायचा आणि दूध घालायचं की नाही, एवढं सांगा. शिवाय व्हॅनिला आणि आंबा पाकिटात घमघमतात, कपात मात्र पोकळ लागतात. हे कशामुळे?

तोलूनमापून
आधी वजनकाटा घ्या, 0.1 ग्रॅम दाखवणारा. चमच्याच्या मापाने इथे घोटाळाच होतो. बारीक पत्तीचा सपाट चमचा साधारण 2 ग्रॅम भरतो, पण जस्मिनच्या फुललेल्या पानांचे तेवढ्याच वजनाला दोन-तीन चमचे लागतात. मग एक कप फिका होतो, दुसरा उग्र, आणि दोष स्वादाच्या माथी जातो.

चहा चाखण्यासाठी आयएसओ 3103 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, पहिल्यांदा 1980 साली आलेलं. त्यातलं प्रमाण 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, वरून उकळतं पाणी, झाकण आणि 6 मिनिटं. इतका मुरलेला चहा प्यायला कडकच लागतो. पण हेतू तोच असतो, पत्तीचा तुरटपणा आणि दोष उघडे पडावेत. काळ्या पत्तीच्या सगळ्या नमुन्यांना हेच माप लावा. जस्मिन आणि कहव्यात हिरवी पत्ती असते, त्यांना 80 अंशांचं पाणी आणि 3 मिनिटं पुरे, नाहीतर कडवटपणाखाली फुलाचा वास दबून जातो. थर्मामीटर नसेल तर 300 मिली उकळतं पाणी आणि 100 मिली साधं, 25 अंशांच्या आसपासचं पाणी एकत्र करा. 81 अंशांच्या जवळपास येतं.

सगळ्या कपांना पाणी एकाच भांड्यातलं हवं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात काळ्या चहावर तवंग धरतो आणि वास दबतो. उलट आरओमधून फार गाळलेल्या पाण्यात चहा सपाट लागतो. घरी दोन्ही असेल तर निम्मं-निम्मं करा. कप आतून पांढरे चिनी मातीचे घ्या, रंग कळतो. प्लॅस्टिकची गाळणी नको, आधीच्या चहाचा वास तिच्यात बसलेला असतो.

कोरा_कप
एका बैठकीत सहाच्या वर जाऊ नका. बारा म्हणजे दोन दिवस. आणि गिळू नका, घोट शेजारच्या भांड्यात टाका. व्यावसायिक चाखणारेही पिकदाणीच वापरतात, कारण कॅफिन पोटात साठत गेलं की शेवटच्या कपांकडे लक्ष राहत नाही.

क्रम हलक्याकडून जडाकडे. पहिल्या दिवशी जस्मिन, गुलाब, कहवा, आंबा, व्हॅनिला, अर्ल ग्रे. दुसऱ्या दिवशी दालचिनी-संत्रं, गवती चहा-आलं, हिबिस्कस, मसाला, लॅपसांग आणि अगदी शेवटी पुदिना-ज्येष्ठमध. पुदिन्यातलं मेंथॉल तोंडातल्या थंडाव्याच्या संवेदना जागवतं, ज्येष्ठमधाची गोडी मागाहून येते आणि बराच वेळ जिभेवर रेंगाळते. त्यानंतर काहीही चाखलंत तरी गोडच लागणार. दोन कपांमध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाच्या साळीच्या लाह्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी नको, देवघरातली उदबत्तीही नंतर लावा.

भुरका मारायला लाजू नका. चमचाभर चहा ओठांशी घेऊन हवेसकट जोरात ओढला की त्याचे तुषार टाळूवर पसरतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. स्वाद म्हणून जे आपण ओळखतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं. नाक चिमटीत धरून आंब्याचा चहा चाखून बघा. उरेल तो नुसता तुरट कोरा चहा. चिमूट सोडा, आंबा लगेच परत येईल.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. प्रत्येक स्वादाच्या चहाशेजारी बिनस्वादाच्या साध्या पत्तीचा एक कप ठेवाच, काळ्यासाठी काळा, हिरव्यासाठी हिरवा. स्वाद पुष्कळदा सुमार पत्ती झाकायला वापरला जातो. शेजारी साधा कप असला की नाक कशावर भुलतंय ते कळतं.

आणि एकच कप तीनदा चाखा: 60 अंशांच्या खाली आल्यावर, कोमट असताना, पूर्ण गार झाल्यावर. अर्ल ग्रेचं उदाहरण घ्या. गरम असताना बर्गमॉट (या चहाला स्वाद देणारं लिंबाच्या जातीचं फळ) वर असतं, लिंबाच्या सालीसारखं, थोडं फुलाकडे झुकणारं. कोमट झाल्यावर पत्तीचा तुरटपणा पुढे येतो. चांगला असेल तर गार झाल्यावरही साल आणि पत्ती एकमेकींना धरून राहतात. तेल जास्त ओतलेलं असेल तर गार कपाला साबणाचा वास येतो. बर्गमॉटच्या तेलातले लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे घटक लव्हेंडरच्या तेलातही असतात, आणि ते वास साबण-अत्तरांतून आपल्या ओळखीचे झालेले असतात. गार झाल्यावर काळा चहा गढूळ झाला तर तो दोष धरू नका. थिआफ्लेविन (काळ्या चहातलं रंगद्रव्य) आणि कॅफिन एकत्र येऊन असं होतं, कडक चहात ते अपेक्षितच आहे.

रानजाई
कोरा_कप, साध्या पत्तीचा शेजार पटला, लगेच आणून ठेवते. पण व्हॅनिला-आंब्याचं राहिलं. आणि जस्मिनच्या पाकिटात वाळलेली फुलं भरपूर आहेत, म्हणजे ते चांगलं समजायचं का?

मोगरी
रानजाई, फुलं मोजू नका. जस्मिन चहासाठी मुख्यतः आपला मोगराच वापरतात. चीनमधल्या फुचौला याची मोठी परंपरा आहे. पत्ती वसंतात तयार करून ठेवतात आणि मोगऱ्याच्या हंगामापर्यंत थांबतात. दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की पत्तीत मिसळायच्या. रात्रभर पत्ती वास ओढून घेते. सकाळी फुलं चाळून काढतात, ओलसर झालेली पत्ती पुन्हा सुकवतात आणि नव्या कळ्या आणतात. वरच्या प्रतीला हे पाच-सहा वेळा किंवा त्याहून जास्त होतं. म्हणजे वास देऊन झालेलं फूल बाहेर काढायचंच असतं. पाकिटात दिसतात ती बहुधा शोभेची, आणि जास्त असली तर कपात कडवटपणा उतरवतात. तीच पत्ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मुरवून बघा. फुलांत मुरवलेल्या पत्तीचा मोगरा फिका होत होत टिकतो, वरून फवारलेला अर्क बहुतेक पहिल्याच पाण्यात निघून जातो.

व्हॅनिला आणि आंब्याबद्दल: हे वास आपल्याला गोडाबरोबरच माहीत आहेत, आइस्क्रीमचे, आमरसाचे. नाक गोडाची अपेक्षा करतं आणि जिभेला मिळतो तुरट चहा, म्हणून पोकळ वाटतं. 100 मिलीत 2 ग्रॅम साखर विरघळवून बघा, आंबा लगेच भरीव होईल. हे परीक्षणात जरूर लिहा. ‘साखरेशिवाय उभा राहत नाही’ ही वाचणाऱ्याच्या कामाची माहिती आहे. पाकिटावरची घटकांची यादीही वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. आंबा अगदी शेवटी आणि त्याच्याही आधी ‘स्वाद’ लिहिलेलं असेल, तर तुकडे दिसायला घातलेत असं समजा.

दुधाळ
कोऱ्या चहाचं माप मसाला चहाला लावणं मला मान्य नाही. तो दुधात उकळण्यासाठीच बनवलेला असतो, कोरा मुरवला तर मिरी-लवंग टोचतात आणि पत्ती कडू लागते. तो आणि गवती चहा-आलं, हे दोन्ही दुधातच तपासा. मात्र माप इथेही ठरलेलं हवं: 120 मिली पाणी, 60 मिली दूध, 3 ग्रॅम पत्ती, आणि पहिला घोट बिनसाखरेचा.

आधण आलं की पत्ती घाला, झाकण ठेवून मंद आचेवर 2 मिनिटं, मग दूध आणि एकच उकळी. गवती चहाचा लिंबासारखा वास त्याच्या तेलातल्या सिट्राल या घटकाचा, तो वाफेबरोबर उडून जातो, म्हणून झाकण हवंच. तुलनेला घरची पात आणि ताजं आलं घेणार असाल तर आलं आधी पाण्यात 3 मिनिटं खळखळ उकळा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते थेट दुधात गेलं की चहा फुटतो. उकळल्यावर त्याचा जोर जातो. पाकिटातली सुंठ ताज्या आल्यासारखी लागणार नाही. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं शोगाओल बनतं आणि ते जास्त तिखट असतं, त्यामुळे घशाशी जळजळ जास्त आणि वरचा ताजेपणा कमी. गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावरच.

हिबिस्कसला दूध दाखवूसुद्धा नका, क्षणात फाटेल. लाल अंबाडीच्या बोंडांचा तो आंबट काढा आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) 4.6 च्या आसपास साकळतं आणि हा काढा त्याच्या बराच खाली असतो. त्यात चहाची पत्तीही नसते. त्याला चहाच्या पत्तीच्या निकषांवर गुण देऊ नका, वेगळा लिहा.

तोलूनमापून
दुधाळ, मान्य. जो चहा जसा प्यायचा तसाच तपासावा, माप तेवढं पक्कं हवं.

रानजाई, दोन चहांत जाणवलेला फरक ‘भास तर नाही ना’ अशी शंका आली की तीन कपांची परीक्षा घ्या. दोन कपांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा, कपांच्या तळाला आकडे चिकटवलेले आणि ओतणारी व्यक्ती वेगळी. वेगळा कप ओळखायचा. क्रम बदलून पाच वेळा करा. नुसत्या अंदाजाने पाचात चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात साडेचारच्या आसपास असते, म्हणजे चार जमले तर फरक खरा धरायला हरकत नाही. घोट 20 मिलीचा धरला तर प्रत्येक चहा साधारण 150 मिली लागतो, म्हणजे 3 ग्रॅम. दोन्ही कोमट आणि सारख्याच तापमानाचे हवेत, नाहीतर जीभ ऊन-गार ओळखेल आणि आपल्याला वाटेल स्वाद ओळखला. तुमच्या 10 ग्रॅमपैकी 2 पहिल्या चाखण्याला, 2 दुसऱ्या दिवशी खात्रीला, 3 या परीक्षेला. उरलेले 3 नेहमीसारखे निवांत प्यायला ठेवा, तेही मत लिहायला लागतं.

किंमत लिहिताना पाकिटाची नको, कपाची लिहा. 100 ग्रॅम 600 रुपयांना असेल तर 150 मिलीच्या 3 ग्रॅमवाल्या कपाला 18 रुपये पडतात.

कोरा_कप
एक राहिलं. लॅपसांगचं पाकीट आजच बाकीच्यांतून बाहेर काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ती पत्ती पाइनच्या धुरावर सुकवलेली असते आणि चहा शेजारचा वास ओढतो. दोन दिवस एका पिशवीत राहिले तर जस्मिनला धूर लागेल, आणि मग तो नमुना तपासून उपयोग नाही.

रानजाई
सगळी एकाच डब्यात होती. लॅपसांग काढलं. जस्मिनची कोरडी पत्ती हुंगली, अजून मोगराच आहे. शनिवारी सकाळी पहिले सहा घेते.