फायनल फँटसी ७ : भाच्याला आधी जुना खेळवू की रीमेक?

मानेवाडा_क्लाउड

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण आठ दिवस झाले डोक्यातून जाऊन नाही राहिला म्हणून इथं टाकतो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

भाचा अमरावतीहून सुट्टीत आला आहे, आता दहावीत जाणार, म्हणजे हीच शेवटची मोकळी सुट्टी. नागपुरात सध्या ऊन असं आहे की सकाळी दहानंतर पोराला बाहेर सोडायची सोय नाही आणि नवतपा तर अजून लागायचाच आहे. घरी पीएस५ आहे. पोरगा फुटबॉल आणि शूटिंगवालं खेळतो, रोल प्लेइंग गेम त्यानं आजवर एकही पूर्ण खेळलेला नाही, आणि फायनल फँटसी ७ ची स्टोरी त्याला अजिबात माहीत नाही. अजिबात म्हणजे त्यातल्या एरिस या नायिकेचं काय होतं तेसुद्धा नाही! आजच्या काळात असं पोरगं सापडणं म्हणजे नशीबच, आणि म्हणूनच मला चुकायचं नाही.

माझी गोष्ट सांगतो म्हणजे प्रश्न समजेल. २००२ चा मे. दादा इंजिनिअरिंगला होता, मी मराठी शाळेत आठवीत. दादाच्या मित्राकडून चार सीड्या आल्या होत्या, एक इन्स्टॉलची आणि तीन गेमच्या. कूलरला नवीन वाळा लावला होता, खोलीभर त्याचा वास, आणि एका खुर्चीवर दादा, एका स्टुलावर मी. मला इंग्रजी धड येत नव्हतं, त्यामुळं स्क्रीनवर डायलॉगचा निळा डबा आला की दादा तो वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा. गेममधल्या बॅरेटला त्यानं जाडा आवाज दिला होता, टीफाला हळू, आणि क्लाउडला, म्हणजे हिरोला, आपल्या गल्लीतल्या एखाद्या अकडू पोराचा. त्या गेममध्ये आवाज नव्हतेच ना, सगळं लिहिलेलं. पहिल्या रिअॅक्टरमध्ये तो यंत्राचा विंचू येतो तिथं क्लाउड म्हणतो की शेपूट वर असताना हल्ला कर. दादानं तसंच सांगितलं, मी तसंच केलं, आणि त्याच्या लेझरनं क्लाउड आणि बॅरेट दोघांचाही जीव अर्ध्यावर आला. पुढची ओळ नंतर आली की असं केलं तर तो उलटा वार करेल. म्हणजे इंग्रजीतच ते वाक्य तुटून उलटं झालं होतं, हे मला दहा वर्षांनी कळलं. तेव्हा मात्र दादानं दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'दुसरी ओळ आल्याशिवाय मारायचं नाही'. ती वही अजून आहे माझ्याकडं. त्यात एरिसच आहे सगळीकडं, एरिथ हे तिचं खरं नाव आम्हाला फार नंतर कळलं.

आता मुद्दा. भाच्याला ट्रेलर दाखवला तर तो अर्थातच २०२० चा रीमेक म्हणून राहिला, जुन्याची ती ठोकळ्यासारखी माणसं बघून म्हणाला मामा हे काय आहे. माझा एक मित्र म्हणतो रीमेक दाखवलास तर मूळ गोष्टीची वाट लागेल. दुसरा म्हणतो पोराला १९९७ चं दाखवलंस तर तो अर्ध्या तासात उठून जाईल. दोघांचंही पटतं. तुम्ही काय कराल? आणि नुसतं 'ओरिजिनलच बेस्ट' असं नका लिहू प्लीज, का ते सांगा.

हिंगणा_रोड_२४

दादा, मी रीमेकच्या बाजूनं बोलतो कारण इथं त्याच्या बाजूनं बोलणारे कमी पडतात.

पहिली गोष्ट, लोक असं बोलतात जसं कोणीतरी बाहेरच्यांनी येऊन मंदिर पाडलं. मूळ गेमचे डायरेक्टर कितासे हेच रीमेकचे प्रोड्युसर आहेत, मूळ कॅरेक्टर काढणारे नोमुरा रीमेकचे डायरेक्टर, आणि नोजिमा तेव्हाही लेखक होते आणि आताही. ज्यांनी केलं त्यांनीच तेवीस वर्षांनी परत हातात घेतलं. त्यांना बदल करायचा हक्क नसेल तर कोणाला आहे?

दुसरी गोष्ट जेसी, बिग्ज आणि वेज, म्हणजे क्लाउडचे बॉम्बवाले साथीदार. मी रीमेक आधी खेळलो आणि जुना नंतर, म्हणून मला फरक एकदम दिसला. जुन्यात हे तिघं चार-पाच सीनमध्ये येतात, आणि सेक्टर ७ ची प्लेट, म्हणजे झोपडपट्टीवर उभारलेला वरच्या शहराचा तुकडा, खाली पडते तेव्हा वाईट वाटतं पण ते लांबून वाटतं. रीमेकमध्ये तुम्ही जेसीच्या घरी जाता, तिच्या आईच्या हातचा पिझ्झा आहे, आतल्या खोलीत तिचे वडील निपचित पडलेले आहेत, माको (जमिनीतून उपसायची ऊर्जा) रिअॅक्टरच्या कामानं त्यांची ती हालत झाली आहे. म्हणजे ही पोरगी बॉम्ब का बनवते ते तुम्हाला घरात जाऊन कळतं. त्यानंतर ती प्लेट पडते. मी त्या रात्री कंट्रोलर ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसलो होतो, खरं सांगतो.

आणि लढाईबद्दल. नुसती बटणं बडवायची आहेत असं जे म्हणतात त्यांनी दोन तासांत सोडलेला असतो. एटीबीचा गेज, म्हणजे लढताना हळूहळू भरणारी पट्टी, आहेच, तो भरल्याशिवाय जादू नाही, आयटम नाही, काही नाही. कमांडचा मेनू उघडला की वेळ जवळपास थांबतो आणि तुम्ही विचार करू शकता. आणि ज्याला अगदी जुन्यासारखं पाहिजे त्याला क्लासिक मोड आहे, कॅरेक्टर स्वतः लढतात, तुम्ही फक्त कमांड द्यायची. आधी तो फक्त सोप्या लेव्हलला होता, २०२१ च्या इंटरग्रेड या सुधारित आवृत्तीत नॉर्मललाही आला.

एकच मान्य करतो. मिडगार हे शहर जुन्या गेममध्ये पाच-सहा तासांत संपतं आणि मग मोटारसायकलचा पाठलाग होऊन तुम्ही बाहेर पडता आणि अख्खं जग समोर उघडतं, तो जो धक्का आहे तो रीमेकमध्ये नाही. रीमेक मिडगारच्या वेशीवरच संपतो. पुढचं जग २०२४ च्या रीबर्थ या दुसऱ्या भागात, आणि ते वेगळं विकत घ्यायचं.

बीजी२_वाली_ताई

@हिंगणा_रोड_२४ बाळा छान लिहिलंस, जेसीचं तर शंभर टक्के. पण हक्काचा मुद्दा मला पटत नाही. हक्क आहेच, कोणी नाकारलाय? प्रश्न हा आहे की बदललेली गोष्ट कोणासाठी लिहिली आहे. त्या रीमेकमध्ये ती काळी भुतं येतात ना, व्हिस्पर्स, गोष्ट ठरल्या वाटेवरून घसरली की तिला परत ओढून आणणारी. त्यांचं महत्त्व कोणाला कळणार? ज्याला ठरलेली वाट माहीत आहे त्यालाच! ज्याला मूळ गोष्टच माहीत नाही त्या पोरासाठी ती नुसती भुतं आहेत. म्हणजे रीमेक हा नव्या माणसासाठी केलेला नाहीच, तो आपल्यासाठी, जुन्या खेळणाऱ्यांसाठी केला आहे. गंमत म्हणजे भांडतोही आपणच.

(पुढं स्पॉयलर आहे, ज्यांना एरिसचं माहीत नाही त्यांनी हा पॅरा सोडा.) जुन्यात पहिल्या डिस्कच्या शेवटी ती जाते आणि ती गेली म्हणजे गेली. तुम्ही तिला दिलेली शस्त्रं, तिला शिकवलेल्या लिमिट ब्रेक म्हणजे खास चाली, सगळं वाया. पार्टीच्या लिस्टमध्ये तिची जागा रिकामी होते आणि गेम त्याबद्दल तुमची समजूत घालत बसत नाही. रीबर्थमध्ये तोच प्रसंग दोन-तीन शक्यतांमध्ये फिरत येतो, वाचली का गेली हेच क्षणभर कळत नाही. मला तो आवडला, पण मला तो कळला कारण मी आधी सरळ गोष्ट जगले होते. भाच्यानं हा प्रसंग आधी सरळ बघावा असं माझं अगदी मनापासून मत आहे.

आता माझं दुखणं. मला रीमेकपेक्षा सीक्वेलचा त्रास जास्त होतो. रीमेक आला तरी जुना गेम जुन्या जागी असतो. सीक्वेल मात्र तुम्ही मागं जे केलं त्यालाच हात लावतो. बाल्डर्स गेट २ हा २००० चा रोल प्लेइंग गेम, मी तो कॉलेजच्या हॉस्टेलला मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर खेळले. त्यात विकोनिया आहे, शार देवीची कडवी भक्त, आणि पुष्कळ धीर धरून, नीट बोलून तुम्ही तिला त्या अंधारातून बाहेर काढू शकता. मी काढलं होतं. २०२३ ला बाल्डर्स गेट ३ मध्ये ती परत भेटते आणि ती शारच्या मठाची क्रूर मुख्य झालेली आहे, लहान पोरांना छळणारी. जणू ती सगळी रात्रीची बोलणी झालीच नव्हती. मी खेळ थांबवून बराच वेळ तशीच बसले.

बाकी तो गेम मला फार आवडतो हेही सांगते. लढाई टर्न-बेस्ड म्हणजे पाळीपाळीची केली म्हणून लोकांनी २०२० पासून, अर्ली ॲक्सेस म्हणजे अर्धवट गेम आधीच खेळायला मिळाल्या दिवसापासून आरडाओरडा केला की हा बाल्डर्स गेट नाही, तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचा आधीचा गेम डिव्हिनिटीच आहे. मी त्यात नव्हते. जुना रिअल टाइम विथ पॉज होता, सहा जण एकदम धावायचे आणि आपण खेळ थांबवायला स्पेसबार बडवत बसायचो, आणि मूळ टेबलावरचा डंजन्स अँड ड्रॅगन्स तर पहिल्यापासून पाळीपाळीनंच खेळतात. लढाईची पद्धत बदलली तर मी शिकून घेईन. माणसं बदलली तर काय करू?

तर्री_पोहे_सदर

रीमेक लाव भाऊ. पोरगं पंधरा वर्षांचं आहे, आधी गोडी लागू दे. जुना नंतर स्वतःहून मागेल, माझ्या पुतण्यानं मागितला.

इतवारी_काका

मी २००० ते २००९ सायबर कॅफे चालवला, तेव्हा पोरं इंटरनेटपेक्षा डायब्लो २ साठी जास्त यायची, त्यामुळं थोडा बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

माझ्या मते भांडण रीमेक चांगला का वाईट हे नाहीच. जुना गेम हाताशी राहतो का नाही, हे आहे. डायब्लो २ रिझरेक्टेड २०२१ ला आला. त्यात कीबोर्डवर जी दाबा, नवीन चित्र जातं आणि त्याच जागी, त्याच क्षणी, २००० सालचं चित्र येतं. परत दाबा, परत नवीन. कारण खालचा हिशोब जुन्याच गेमचा आहे, वर फक्त नवीन कातडं चढवलं आहे. मी कॅम्पातल्या शेकोटीपाशी उभा राहून किती वेळा ते बटण दाबलं असेल सांगू शकत नाही. आणि एक कळलं की माझ्या आठवणीतला गेम नवीन चित्रासारखा दिसत होता, जुन्यासारखा नाही. डोळ्यांनी मधल्या वीस वर्षांत स्वतःच रीमेक करून ठेवला होता.

गेल्या वर्षी एप्रिल २०२५ ला आलेला ऑब्लिव्हियन या रोल प्लेइंग गेमचा रीमास्टर्डही तसाच, आत २००६ चं जुनं इंजिन आणि बाहेर चित्रांसाठी नवीन अनरियल ५ इंजिन. लेव्हल वाढवायची ती वैतागवाडी पद्धत त्यांनी सुधारली, पळायची सोय दिली, पण तुमची लेव्हल वाढली की साधे वाटमारेही महागडं चिलखत घालून येतात ते तसंच ठेवलं. मला वाटतं बरोबर केलं. खोट काढली की त्याबरोबर चवही जाते कधी कधी.

उलट उदाहरण डार्क सोल्सचं. २०१८ ला रीमास्टर्ड आला आणि स्टीम या ऑनलाइन दुकानातली जुनी आवृत्ती विक्रीतून काढली. असं झालं की मी त्या ताईंपेक्षाही जास्त चिडतो.

फॉलआउट ३ चं तर आपल्याकडं वेगळंच झालं. १९९७ चा पहिला फॉलआउट वरून बघायचा, पाळीपाळीचा. २००८ चा तिसरा ऑब्लिव्हियनवाल्या बेथेस्डा कंपनीचा, स्वतःच्या डोळ्यांतून, बंदूक हातात. जगभर जुने लोक भांडत होते की हा बंदूकवाला ऑब्लिव्हियन आहे म्हणून. आपल्याकडं मात्र मायक्रोसॉफ्टनं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो भारतात आणणारच नाही असं जाहीर केलं. लोकांचा अंदाज होता की त्यातल्या दोन तोंडांच्या गायीच्या नावामुळं, ती ब्राह्मिन. पोरं मला विचारायची काका कधी येणार, आणि आमच्याकडं भांडायलासुद्धा गेम नव्हता.

तर मानेवाडावाल्या भाऊ, तुमच्याकडं दोन्ही आहेत हीच मोठी गोष्ट आहे. पीएस४ वाला जुना पीएस५ वर चालतो, त्यात तिप्पट वेगाची सोय आहे, वाटेतल्या लढाया बंदही करता येतात. पोरगं कंटाळलं तर वापरा. पण एक विचारतो, तुमच्या पोस्टमध्ये गेमपेक्षा दादा जास्त आहे. तुम्हाला भाच्याला गेम द्यायचा आहे की ते स्टूल?

हिंगणा_रोड_२४

काका, हे शेवटचं वाचून मी माझं मत बदललं. दादा जुनाच लावा. रीमेकमध्ये सगळे आवाज आहेत, खूप चांगले आहेत, पण मग तुम्हाला वाचून दाखवायला काही उरत नाही. ते बोलतात आणि पुढं जातात. जुन्यात तो निळा डबा तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबतो.

बीजी२_वाली_ताई

अगदी हेच. बाल्डर्स गेट २ मध्येही पहिलं वाक्य बोललेलं असायचं आणि बाकी वाचायचं, आम्ही दोघी मैत्रिणी आळीपाळीनं वाचायचो. आजही मला तो गेम तिच्या आवाजात आठवतो.

मानेवाडा_क्लाउड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस देता आलं नाही. स्टूलच.

काल दुपारी जुना लावला. तिप्पट वेग बंद ठेवला. सुरुवातीला मी वाचत होतो, पंधरा मिनिटांत भाचा म्हणाला मामा तू लय हळू वाचतो, मी वाचतो. त्याची इंग्रजी माझ्या तेव्हाच्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. त्यानं बॅरेटला अस्सल अमरावतीचा केला, 'काऊन बे, पैशासाठी आला का तू इथं', आणि ते इतकं बसलं की मी लगेच दादाला बंगलोरला फोन लावून स्पीकरवर ऐकवलं. तो मीटिंगमधून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला.

मग विंचू आला. मी वहीबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. दादा फोनवर होता, तोही गप्प. शेपूट वर गेली, पहिली ओळ आली, भाच्यानं ती मोठ्यानं वाचली, बोट बटणावर नेलं आणि तसंच ठेवलं. म्हणाला, थांब मामा, हे वाक्य अर्धं वाटून राहिलं.