नवी कादंबरी वाचकाच्या हाती कशी जाते? ग्रंथालयांतील अनुभव

सार्वजनिक ग्रंथालयात आलेली नवी कादंबरी किंवा कथासंग्रह वाचकाला सुचवण्याचे काम ज्यांनी केले आहे, किंवा ज्यांना असे एखादे पुस्तक कोणीतरी सुचवले आहे, त्या सर्वांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. १९६७च्या कायद्याने मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये महाराष्ट्रात आहेत आणि मराठी कादंबरीची आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आतबाहेरच असते. त्यामुळे नव्या लेखकाचे पुस्तक वाचले जाणार की दाखल नोंदवहीतील एक क्रमांक होऊन राहणार, हे बऱ्याच अंशी देवघेवीच्या टेबलावर ठरते. पुस्तक कोणते, वाचक कोण, आपण काय सांगितले आणि पुढे काय झाले, इतके आले तरी पुरे.

ग्रंथपाल, सातारा जिल्हा

आमचे तालुक्याच्या ठिकाणचे, शासकीय वर्गवारीत ‘ब’ वर्गातील ग्रंथालय आहे. सभासदांत निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि बाजारपेठेतील दुकानदार अधिक आहेत आणि मागणी मुख्यतः ऐतिहासिक कादंबऱ्यांना व अनुवादित रहस्यकथांना असते. अनोळखी लेखकाचे पुस्तक लोक उचलतात, चाळतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. याचे एक कारण मला बांधणीत सापडले. पुस्तक टिकावे म्हणून आपण त्याला पुठ्ठ्याची बांधणी करून घेतो, तेव्हा मूळ वेष्टन निघून जाते आणि त्याबरोबर मलपृष्ठावरचा परिचयही जातो. उरतो तो तपकिरी पुठ्ठा आणि पाठीवर रंगाने लिहिलेला दाखल क्रमांक. जुन्या लेखकाचे नावच पुरेसे असते; नव्या लेखकाला मात्र या पुठ्ठ्याआडून स्वतःची ओळख करून देण्याची सोयच राहत नाही. म्हणून आता पुस्तक बांधणीला देण्यापूर्वी मी मलपृष्ठ कापून आतल्या कोऱ्या पानावर चिकटवतो आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात तीन-चार ओळी लिहितो: कथा कोठे घडते, कोण सांगतो, भाषा कशी आहे, पाने किती आहेत. स्तुती लिहीत नाही. ‘अप्रतिम’ या शब्दाने वाचकाला काहीच कळत नाही.

देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाल्यावर आम्ही ती मागवली. तयार कपड्यांच्या लाटेत ज्याचा धंदा बसत गेला, अशा शिंप्याची ती कथा आहे. ती मी आमच्या बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका सभासदांना दिली. प्रत्येकाच्या हाती मोबाईल आल्यापासून त्यांचे दुकान पासपोर्टचे फोटो आणि लॅमिनेशन यांवर कसेबसे चालते, हे मला ठाऊक होते; पण पुस्तक देताना मी त्याचा उल्लेख केला नाही, एवढेच म्हणालो की ही एका कारागिराची गोष्ट आहे आणि दोन बैठकांत वाचून होते. परत करताना ते टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, ह्या लेखकाला आमच्या दुकानाचं कोणी सांगितलं?” पुढची मागणी त्यांच्याच ओळीतील घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडून आली. वाचकाचा व्यवसाय आणि नायकाचा व्यवसाय एक असायला हवा, असे मला मुळीच वाटत नाही. दोघांवर आलेली वेळ एक असली की पुस्तक लागू पडते.

वाचक आणि माजी शिक्षिका, सांगली जिल्हा

वरील अनुभव मला पटला, तरी त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी असे वाटते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापित होताना मागे जंगलात राहिलेल्या म्हशीला आणायला निघालेल्या माणसाची ही कादंबरी मला फार मोलाची वाटते. आमच्या गावाजवळ धरणग्रस्तांची वसाहत आहे आणि तेथील एक वयस्क गृहस्थ आमच्या ग्रंथालयात नियमाने येतात. आमच्या ग्रंथपालांनी मोठ्या आस्थेने ती कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिली काही पाने तेथेच उभ्याने वाचली आणि पुस्तक नीट मिटून परत दिले. “हे मला ठाऊक आहे, बाई. दुसरं काही द्या,” असे ते म्हणाले आणि प्रवासवर्णन घेऊन गेले. त्याच वसाहतीतील, पुनर्वसनानंतर जन्मलेल्या एका तरुणीने मात्र ती कादंबरी आपण होऊन नेली आणि घरी आजीला वाचून दाखवली. ज्याने सोसले त्याच्या हातात त्याचेच दुःख पुस्तकरूपाने ठेवण्यापूर्वी त्याला तसे हवे आहे का, याचा अंदाज घ्यायला हवा, आणि तो घेण्याइतकी ओळख वाचकाशी नसेल, तर पुस्तक फळीवर समोर दिसेल असे ठेवून थांबणे अधिक चांगले. ज्याला हवे असेल, तो ते उचलतो.

घरपोच वाचनालय चालवणारी, डोंबिवली

माझ्या वाचकांपैकी पुष्कळ जण वयामुळे किंवा गुडघ्यांमुळे जिने उतरू शकत नाहीत, म्हणून पुस्तकांची पिशवी त्यांच्या दाराशी जाते. त्यांच्यासाठी निवड मीच करते आणि ही जबाबदारी मला मोठी वाटते. पिशवीत दोन पुस्तके त्यांच्या नेहमीच्या आवडीची आणि एक नवे, असा माझा शिरस्ता आहे. नवे पुस्तक पूर्ण वाचण्याचा आग्रह मी करत नाही. पन्नास पाने वाचून पाहा, नाही रुचले तर ठेवून द्या, असे सांगते.

पुस्तक परत घेताना मी ‘आवडले का?’ असे विचारत नाही, कारण भिडेखातर सर्व जण ‘छान आहे’ असेच म्हणतात. ‘कोठे सोडलेत?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. एका काकूंनी एक नवी कादंबरी परत देताना सांगितले की, पात्रे फार आहेत आणि कोण कोणाचा कोण हे लक्षात राहत नाही. म्हणजे विषय त्यांना नकोसा झाला नव्हता. त्यांना कमी माणसांची गोष्ट हवी होती. पुढच्या वेळी मी त्यांना कथासंग्रह दिला आणि तेव्हापासून त्या नव्या लेखकांच्या कथा मागून घेतात. किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या संग्रहातील एक कथा त्यांनी मला दूरध्वनीवर जवळजवळ संपूर्ण सांगितली.

आणखी एक गोष्ट सांगते. अक्षराचा आकार मी प्रत्येक वेळी पाहते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या वाचकाला बारीक टायपातली चारशे पानांची कादंबरी देऊन ‘नवे वाचायला हवे’ असे म्हणणे बरोबर नाही.

ग्रंथनिवड समितीचा सदस्य, विदर्भ

सुचवणे टेबलावर होते, हे खरे. पण सुचवायला पुस्तक ग्रंथालयात असावे लागते. आमचे अनुदान हप्त्यांनी येते, त्यातील ठरावीक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावा लागतो, आणि वर्षअखेरीस हिशेब पूर्ण करण्याच्या घाईत विक्रेत्याने पुढे केलेल्या यादीवर खुणा होतात. त्या यादीत पाककृती, स्पर्धा परीक्षा आणि चरित्रे यांची गर्दी असते. नवे ललित साहित्य थोडे असते आणि असले तरी ते कोणी वाचलेले नसते. आम्ही यावर एक उपाय केला आहे. टेबलावरच्या मागणीवहीत वाचकाने पुस्तकाचे नाव लिहिताना ‘हे पुस्तक का हवे’ यासाठीही एक रकाना ठेवला. त्या रकान्यात लोक मनापासून लिहितात. समितीच्या बैठकीत आता ती वही आधी उघडली जाते आणि विक्रेत्याची यादी नंतर. ज्याने मागणी केली, त्यालाच पुस्तक प्रथम दिले जाते, आणि परत करताना तो पुढच्या वाचकाला काय सांगेल, हे ग्रंथपाल त्याला आवर्जून विचारतात.

वाचक, फोंडा, गोवा

माझा अनुभव लहान आहे. कोंकणी लेखक दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर मी त्यांच्या साहित्याचे मराठी अनुवाद मागायला गेलो. अनुवाद बाहेर गेलेले होते. टेबलावरच्या बाईंनी मूळ कोंकणी पुस्तक पुढे ठेवले आणि म्हणाल्या, देवनागरीतच आहे, घरी कोंकणी बोलता, मग वाचून तर पाहा. पहिला आठवडा मी अडखळत वाचले. आता कोंकणीतील नवे कथासंग्रह मी मुळातूनच वाचतो.

वाचक, दुबई

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाची ग्रंथपेटी आमच्याकडे फिरत असे. पेटीत निवड आधीच झालेली असते आणि ग्रंथपाल समोर नसतो, त्यामुळे सुचवण्याचे काम वाचकांनाच करावे लागते. पेटी बदलण्याच्या दिवशी प्रत्येकाने एका पुस्तकाविषयी दोन-तीन वाक्ये सांगावीत, अशी पद्धत आम्ही पाडली. ज्या पुस्तकाविषयी कोणी बोलले, ते त्याच दिवशी जाई.

विद्यार्थी, नांदेड

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ ही कादंबरी देण्यात आली. मी ती दोनदा परत ठेवली, कारण सांगली जिल्ह्यातल्या जत भागातील बोली मला वाचताना अवघड जात होती. आमच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितले की, पहिली दोन पाने मोठ्याने वाच. त्यांनी स्वतः एक परिच्छेद वाचून दाखवला. डोळ्यांना अडणारे शब्द कानाला लगेच कळले, कारण तसेच घासून, तोडून बोलणारी माणसे आमच्याकडेही आहेत. शेतातली कामे करत शिकणाऱ्या मुलाची ती गोष्ट मी वसतिगृहात रात्री बसून संपवली.

प्रदीप कोकरे यांच्या ‘खोल खोल दुष्काळ डोळे’ या कादंबरीला २०२५चा युवा पुरस्कार मिळाल्याचे वाचले आणि मी तिची मागणी नोंदवली आहे. ती आली की माझ्यानंतर कोणाला द्यायची, हे बाईंनी मलाच विचारले. मी वसतिगृहातील दोघांची नावे दिली आहेत. त्यांतील एकाने अजून अभ्यासक्रमाबाहेरचे एकही पुस्तक वाचलेले नाही.