क्रोशे : वाण, तोरण की बाळंतविडा? मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादा, क्रोशाच्या ऑर्डरसाठी एकच प्रकार पक्का करायचाय.

संक्रांतीच्या वाणाला मागणी भरपूर, पण हिशोब बसत नाही. एक कोस्टर 20 मिनिटांचा, म्हणजे 50 नगांना जवळजवळ 17 तास. त्यात गिऱ्हाईक भाव करणार मशीनच्या मालाशी तुलना करून. शिवाय रथसप्तमी उलटली की उरलेला माल पडून.

दाराचं तोरण, 36 इंची. सुती दोऱ्याचं केलं की लोंबत्या फुलांच्या वजनाने मधोमध झोळ येतो. पायाची (सुरुवातीची) साखळी दुहेरी दोऱ्याने घेऊन वर मुक्या खांबांच्या (बुटक्या, घट्ट टाक्यांच्या) दोन ओळी घातल्या की बराच कमी होतो. लाल दोरा मात्र आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघावाच, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरी फुलं गुलाबी!

मन बाळंतविड्याकडे झुकतंय : टोपडं, मोजे, दुपटं. भेट म्हणून घेणारे फार घासाघीस करत नाहीत. आपल्या उकाड्यात ॲक्रिलिक नको, सुतीच. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 36 सेंमी, टोपडं त्याहून 2-3 सेंमी कमी. मोज्यांना जाळीची वीण नकोच, बाळाची बोटं अडकतात. मुका खांब बरा.

अडलंय ते दुपट्यापाशी. 75 × 75 सेंमीचं विणायला दिवसच्या दिवस जातात. तासाची मजुरी धरून किंमत सांगितली तर कुणी घेतं का? की मलमलच्या कापडाला नुसती क्रोशाची किनार करून द्यावी? आणि सुती टोपडं धुतल्यावर सैल पडतं, त्याला काठाशी काय घालता?