खोतीच्या गावातली जमीन: 1950 च्या मागचे कागद कसे गाठायचे?

कातळवाट:
गुहागर तालुक्यातलं खोतीचं गाव (म्हणजे सारा वसुली खोताकडे असलेलं). वाडीचा इतिहास लिहायचा आहे आणि कोणतं घर कधीपासून कोणती जमीन कसतंय, हे ऐकीव नको, कागदावरून लावायचं आहे. एकाच सर्व्हे नंबराचे हिस्से 3अ/1 पासून 3क/5 पर्यंत गेलेत. हस्तलिखित सातबाऱ्यावर एका घराचा थोरला भाऊ अचानक 'ए.कु.मॅ.' म्हणून दिसतो, धाकटे गायब. त्यामागचं काय आणि कुठल्या कचेरीत मागायचं?

दाभोळखाडी:
नावावरून शोधू नका, कोकणात एका वाडीत एकाच नावाची चार माणसं निघतात. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, तिचा नंबर धरून मागे जा. हस्तलिखित सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या (जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या) नावाजवळ वर्तुळात असतो तो फेरफार नंबर, आणि कंसात गेलेलं नाव म्हणजे कमी झालेलं. तो फेरफार (गाव नमुना 6) काढलात की जमीन वारसाने आली, खरेदीने, वाटपाने की कूळ कायद्याने, ते कळतं आणि आधीच्या धारकाचं नाव मिळतं.

जुन्या फेरफार वह्या तहसीलच्या अभिलेख कक्षात. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावा आणि गाव, सर्व्हे-हिस्सा, कागदाचं नाव, फेरफार नंबर, कालावधी स्पष्ट लिहा. 'सर्व जुने उतारे मिळावेत' एवढंच लिहिलं तर कारकुनाला काय शोधायचं तेच कळत नाही, अर्ज पडून राहतो. वही सापडली नाही तर 'अभिलेख आढळून येत नाही' असं लेखी घ्याच. पुढे जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती मागायची वेळ आली तर तो कागद लागतो.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याने जमीन त्या एकट्याची होत नाही. धाकट्या भावांची नावं पुष्कळदा त्याच फेरफाराच्या मजकुरात असतात, म्हणून उताऱ्यावर न थांबता पूर्ण फेरफाराची नक्कल घ्या. बहिणींची नावं 'इतर हक्क' रकान्यात गेलेली असू शकतात, तोही वाचा.

हिस्सा आणे-पैत असेल तर 16 आणे म्हणजे पूर्ण आणि 12 पै म्हणजे एक आणा. '0-5-4' दिसलं तर 5 आणे 4 पै, म्हणजे तिघांतला एक. क्षेत्राचीही तीच काळजी: दशमानाच्या आधीचं '1-20' म्हणजे 1 एकर 20 गुंठे, आजच्या हिशेबाने 0-60-70 हेक्टर-आर. त्याला 1 हेक्टर 20 आर समजून लोक जमीन कमी झाल्याची तक्रार करतात.

टिपणवही:
वरचं सगळं हक्काचं झालं. 3अ/1 मुळात कुठल्या तुकड्यातून फुटला, हे तहसीलमध्ये कळणार नाही. त्यासाठी तालुक्याचं उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालय. तिथे टिपण, फाळणी, गुणाकार बुक (तिन्ही मोजणीचे जुने कागद) आणि आकारफोड पत्रक मागा. आकारफोडीत जुना नंबर आणि त्याचे नवे हिस्से आकारासकट (साऱ्यासकट) येतात, तोच दुवा. सातबारा आणि आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार यांची नोंद) यांच्या क्षेत्रात फरक निघाला तर इतिहासात दोन्ही आकडे द्या, एक लपवू नका.

माडबन:
1950 च्या आसपास तुमची साखळी तुटल्यासारखी वाटेल. खोती 1949 च्या कायद्याने गेली, त्याचे फेरफार एका पाठोपाठ एक सापडतात. नंतर 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर (कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं तो दिवस) कूळ कायद्याच्या कलम 32ग ची, म्हणजे कुळाने द्यायची किंमत ठरवण्याची प्रकरणं. 'कूळ' म्हणून इतर हक्कात असलेलं घर तिथून कब्जेदार सदरी (कब्जेदाराच्या रकान्यात) येतं. वाडीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उलथापालथ आहे, तिला दोन ओळींत उरकू नका.

त्याआधीचं रत्नागिरीत पाहायचं असेल तर 1880 च्या खोती कायद्याखालचं बोटखत. त्यात खोत, धारेकरी (ठरलेला सारा भरणारे कायम धारक) आणि कुळं यांचे हक्क नोंदलेले असतात. देणं अर्धेल की तिर्धेल (पिकाचा निम्मा की तिसरा भाग), हे शब्द दिसले की टिपून ठेवा, त्यावरून घराची पायरी कळते.

मजकूर मोडीत असेल. मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे आडनावं चुकीची लागतात. वाचकाकडून लिप्यंतर घेताना शंकेच्या अक्षराला खूण करायला सांगा. इसवी सन काढताना शकात 78 मिळवा, फसलीत (महसुली साल) 590, आणि सुहूर (मराठेशाहीतल्या कागदांतलं अरबी साल) असेल तर 599, महिन्याप्रमाणे एक वर्ष इकडेतिकडे.

पूर्वजांच्या नात्यांसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, बघा. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. सातबाऱ्यावरचा 'राघो' आणि फेरफारातला 'राघू' एकच का, हे तिथे बापाच्या नावावरून पडताळता येतं.

कातळवाट:
मनापासून आभार. आकारफोड आणि ए.कु.मॅ. चा फेरफार, दोन्ही अर्ज सोमवारीच देतो. बोटखत तहसीलला नसेल तर?

माडबन:
मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, गावाचं जुनं स्पेलिंग आणि तेव्हाचा तालुका दोन्ही लिहून.