मदत हवी आहे : मॅक मिनी आत्ताच घ्यावा की नव्या आवृत्तीसाठी थांबावे?

नमस्कार. आमच्या अक्षरजुळणीच्या छोट्या कार्यालयासाठी ॲपलच्या एम४ चिपचा मॅक मिनी हा छोटा संगणक घेण्याचा विचार आहे. खरेदीची वेळ साधण्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

या यंत्राचा इतिहास पाहता अंदाज बांधणे कठीण जाते. ॲपलने ऑक्टोबर २०१४ मध्ये आणलेली आवृत्ती २०१८ पर्यंत तशीच विकली. पुढे एम१ची आवृत्ती २०२० मध्ये, एम२ची जानेवारी २०२३ मध्ये आणि एम४ची २०२४ च्या अखेरीस आली, एम३ मात्र या यंत्रात आलीच नाही. ॲपलच्याच मॅक प्रो या मोठ्या संगणकाच्या ग्राहकांना तर २०१३ नंतर थेट २०१९ पर्यंत ताटकळावे लागले. दरवर्षी नवे मॉडेल यावे असा माझा आग्रह मुळीच नाही, पण साधारण दोन वर्षांचा ठराविक क्रम असला, तर आमच्यासारख्या तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्यांना पैशांची तजवीज वेळेवर करता येईल, असे मला मनापासून वाटते.

अडचण रॅमचीही (चालू कामासाठी संगणक वापरतो ती स्मृती) आहे. एम मालिकेच्या यंत्रांत ती नंतर वाढवता येत नसल्याने आज घेतलेला निर्णय पुढची पाच-सहा वर्षे निभावावा लागतो. एम४मध्ये किमान रॅम ८ वरून १६ जीबी झाली, हे चांगलेच झाले. परंतु इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाळी अंकाची छायाचित्रांनी भरलेली पाने आणि सोबत फोटोशॉप उघडे ठेवून काम करताना १६ जीबी पुरते का? अंकांची कामे पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा थांबणे कितपत शहाणपणाचे ठरेल, हेही कृपया अनुभवावरून सांगावे.